पाकिटावरचा लहानू

वर्ध्याकडच्या हिंगणीत लहानूजींचं घर विचारलं, तर समोरचा माणूस आधी उलटाच विचारतो, "कोनता लहानू? पानठेल्यावाला का पाकीटवाला?" पाकीटवाला म्हटलं की तो हसतो आणि बोर धरणाच्या रस्त्याकडे हात करतो. नवख्याला वाटतं, गड्यानं तरुणपणी कोणाचं तरी पाकीट मारलं असावं. तसं काही नाही. लहानूजींचं पाकीट इतकं मोठं होतं, की त्याच्या पोटात साठेक शिपाई सामानासकट बसत आणि वरून दोन शेळ्या घातल्या तरी जागा उरली असती.

माणूसही नावाला लहानू. उंची एवढी, की दारातून आत येताना वाकायचा आणि बाहेर जाताना विसरायचा. मॅट्रिक झाला आणि मित्राला, म्हणजे बंडूजीला, सोबत म्हणून नागपूरला भरतीच्या ठिकाणी गेला. बंडूजी डोळ्यांच्या तपासणीत बाद झाला. तिथल्या साहेबानं झाडाखाली फुटाणे खात बसलेल्या लहानूकडे बोट केलं आणि विचारलं, "ये लंबा कौन है?" बंडूजी दोघांच्या वाटचे फुटाणे घेऊन एकटाच हिंगणीला परतला. लहानू वायुसेनेत गेला.

शिक्षण संपलं, तशी त्याला उत्तरेकडच्या एका तळावर माल वाहणाऱ्या विमानांवर नेमणूक मिळाली. अमेरिकेत बनलेलं विमान, दोन इंजिनं, दोन शेपट्या, मध्ये ढेरपोट्या शेटजीसारखं पोट. नाव पॅकेट. तळावर पंजाबी, मद्रासी, बंगाली, सगळे आपापल्या तोंडानं ते नाव घेत. लहानू हिंगणीचा. त्याच्या तोंडात ते पहिल्याच दिवशी 'पाकीट' झालं आणि तसंच ते पत्रात उतरलं.

त्याची आई रुख्माबाई. तिला वाचता येत नव्हतं. शेजारचे हरिदास गुरुजी पत्र वाचून दाखवायचे. पत्र असं होतं: "आई, मले पाकिटावर टाकलं आहे. पाकिटं फार जुनी झाली आहेत. नवीन मिळत नाहीत. कुठं कुठं उसवतात, मग आम्ही ठिगळ लावून पुन्हा चालू करतो. एखादं अगदीच गेलं, तर ते कोपऱ्यात ठेवतो आणि त्याचं काढून दुसऱ्याला लावतो. काम नाजूक आहे. काळजी करू नको."

गुरुजींनी चष्मा वर केला आणि मान डोलावली. तहसील कचेरीतली जुनी पाकिटं त्यांनी पाहिली होती. सरकार पाकीट फेकत नाही, जुन्या पत्त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून तेच पुन्हा पाठवतं. "रुख्माबाई," ते म्हणाले, "पोरगा टपालाच्या कामात लागला. जुनी पाकिटं दुरुस्त करते. सावलीतली नोकरी हाय."

आता यात गुरुजींची चूक ती काय? तुम्ही-आम्ही असतो, तरी हेच म्हटलं असतं.

रुख्माबाईनं गावभर सांगितलं. गावातून ते रूपरावांच्या कानावर गेलं. रूपराव म्हणजे पंचक्रोशीतली लग्नं जुळवणारा माणूस. त्यांच्या तोंडून ही नोकरी केळझरला रामाजींच्या ओसरीवर पोचली, तोवर तिला पंखा लागला होता, खुर्ची लागली होती आणि चहा आणणारा शिपाईही लागला होता.

रामाजींना हेच पाहिजे होतं. त्यांची थोरली मुलगी शकू कारंज्याला दिलेली. जावई ट्रक चालवायचा, तोही जुनाट, अमरावती रस्त्यावर कुठंही बसकण मारणारा. शकू ढाब्यामागच्या खोलीच्या दारात रस्त्याकडे डोळे लावून बसायची. रामाजी एकदा मुक्कामाला गेले, लेकीचं ते बसणं पाहिलं आणि परत येताना त्यांनी मनाशी ठरवलं: धाकटी अन्नपूर्णा चाकावरच्या माणसाला द्यायची नाही. पाकिटावरचा माणूस म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

सत्त्याहत्तर साली लहानू रजेवर आला आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं.

केळझरला रामाजींच्या अंगणात मांडव पडला. लहानूच्या गळ्यात हार पडला. मुलगी त्यानं रजेवर आल्या आल्या, पाहायला गेला तेव्हा, एकदाच पाहिली होती. चहाचा कप देताना तिनं त्याच्या डोक्याकडे पाहून हळूच म्हटलं होतं, "दारातून जाताना वाकजा." तो वाकायचा विसरला होता, कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि तेव्हापासून त्याला दुसरी कोणतीच मुलगी नको होती.

पानसुपारी सुरू झाली. रामाजी आतून एक पाकीट घेऊन आले.

"आता घरचाच मानूस भेटला तं इचारून घेतो," ते म्हणाले. "हे पाहा जी. शकूनं कारंज्याहून धाडलं. इकडून उघडं, तिकडून उघडं. तुमी डिंक काऊन कमी लावता?"

लहानूनं पाकीट हातात घेतलं. उलटंसुलटं पाहिलं. "कोन, आमी?"

"तुमी म्हंजे तुमचं खातं. पाकीटवाले."

लहानू हसायला लागला. त्याला वाटलं, होणारे सासरे थट्टा करून राहिले आहेत. "काकाजी, माह्यं पाकीट कागदाचं नाई. ते उडते."

"उडते?"

"हव जी. इमान हाय ते. मोठ्ठं. दोन इंजिनाचं."

मागून कोणीतरी ओरडलं, "तवाच डिंक टिकत नाई!" मांडवभर हशा पिकला. रूपराव सगळ्यांत मोठ्यानं हसले, कारण त्यांना पळायची वेळ जवळ आल्याचं कळलं होतं.

रामाजी हसले नाहीत. त्यांना ते पत्र जवळजवळ पाठ होतं. रूपरावांनी तीनदा ऐकवलं होतं.

"जुनी झाली म्हनून लिवलं होतं तुमी."

"जुनीच हायेत. माह्या वयाची असतीन."

"उसवतात म्हनून लिवलं होतं."

"भेगा पडतात कधी कधी. पत्रा हाय शेवटी."

"अन ठिगळं?"

"लावतो ना जी. तेच तं माह्यं काम."

"अन एकाचं काढून दुसऱ्याले?"

"आता अमेरिकेतून सामान येत नाई, मंग करता काय? एक इमान कोपऱ्यात उभं हाय, त्याचं काढतो. आमी त्याले मामा म्हनतो. मांगलं ते देते म्हनून."

लहानू अगदी हौसेनं सांगत होता. आपण वाक्यागणिक लग्नातून एक एक पाऊल मागं सरकतो आहोत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. रामाजींचा चेहरा मात्र उतरत गेला.

"एक पोरगी म्या भंगार ट्रकवाल्याले देली," ते शेवटी म्हणाले. "ट्रक बंद पडला तं रस्त्यावर उभा तरी राह्यते. तुमचं बंद पडलं तं कुठं उभं राहीन जी?"

लहानूला उत्तर होतं, पण ते सांगायला दोन तास आणि एक विमान लागलं असतं.

तेवढ्यात आतल्या दारातून अन्नपूर्णा बोलली. साक्षगंधाला मुलगी अशी बोलत नाही. ती बोलली.

"बाबा, बाजारात बैल तरी न पाहता वापस करता का तुमी?"

"तू आत जाय."

"जातो. पन पाहून या आधी. अन मीबी येतो. नांदायचं मले हाय."

रामाजींनी तिच्याकडे पाहिलं, लहानूकडे पाहिलं, हातातल्या उघड्या पाकिटाकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "पाहीन. मंग बोलीन. तवरक साक्षगंध झालं असं कोनी म्हनू नोका. मी शब्द देला नाई." लहानूच्या गळ्यातला हार त्यांनी स्वतःच्या हातानं काढला, पण फेकला नाही, मांडवाच्या खुंटीला अडकवून ठेवला. तेवढीच काय ती आशा.

आता पाहायचं कुठं? विमान दूर उत्तरेत, रजा थोडी राहिलेली. लहानू हिंगणीला येऊन धरणाच्या भिंतीवर बसून राहायचा. रुख्माबाई म्हणायची, "तुले सांगायची काय गरज होती? डिंक वाढवतो म्हनायचं, झालं!" पण लहानूचा स्वभावच तसा नव्हता. भेग दिसली की तिच्यावर रंग मारायचा नाही, हे त्याला तळावर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि ते त्याच्या अंगात भिनलं होतं.

आणि मग तार आली. त्याच्याच तुकडीचं एक पाकीट माल घेऊन नागपूरला उतरलं होतं. तपासताना शेपटीच्या दांड्यावर भेग सापडली. विमान तिथल्या विमानतळावर, सोनेगावला, अडकलं. तू जवळ आहेस, रजा बाकी ठेव, ताबडतोब हजर हो. रजा मोडली म्हणून दुसऱ्या कोणीही कपाळाला हात लावला असता. लहानू एसटीत बसला, केळझरच्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि पानठेल्यावर उभ्या रामाजींना ओरडून म्हणाला, "काकाजी! पाकीट सोनेगावले आलं हाय! रविवारी या!"

रविवारी रामाजी आणि अन्नपूर्णा वर्धा रोडवर सोनेगावला उतरले. रामाजींनी धुवट धोतर, काळी टोपी, हातात काठी असा बैलबाजाराचाच वेष केला होता. फाटकावर एक सरदारजी पहाऱ्याला होते, दाढीवाले, बंदूकवाले.

"किससे मिलना है?"

रामाजींनी लहानूचं नाव सांगितलं.

"आपके क्या लगते हैं?"

झाली का पंचाईत! काही लागत नाही म्हणावं, तर परत जावं लागतं. लागतो म्हणावं, तर शब्द जातो.

"देखने को आए हैं," ते म्हणाले.

"देखने को तो पूरा नागपुर आ जाए, ताऊ. रविवार को सिर्फ घरवाले. रिश्ता बताओ."

रामाजींनी दाढी खाजवली. हिंदीत 'दामाद' म्हटलं तर शब्द दिल्यासारखा होईल, कारण सरदारजीला ते कळेल. पण मराठीत म्हटलं तर? हा पंजाबचा माणूस, याला काय कळतं! न कळलेला शब्द म्हणजे न दिलेला शब्द. असा हिशेब करून त्यांनी खाली पाहत, अगदी बारीक आवाजात म्हटलं, "जावई."

सरदारजींचा चेहरा एकदम उजळला. "जवाई! ओ जी, पहले क्यों नहीं बोले! जवाई है!"

आता पंजाबीतही जावयाला जवाईच म्हणतात, हे केळझरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? सरदारजींनी रामाजींचा हात धरून जोरजोरानं हलवला, बसायला स्वतःचं स्टूल दिलं, आणि टेलिफोन उचलून हँगरमध्ये ओरडले, "ओए लहानू! तेरे ससुर साहब आए हैं!" तिकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. अन्नपूर्णा पदरानं तोंड झाकून इतकी हसली, की तिला खोकला लागला.

"हासू नोको," रामाजी पुटपुटले. "अजून पाह्याचं हाय."

विमान उन्हात उभं होतं. जवळ गेल्यावर रामाजी थांबलेच. एवढं मोठं काहीतरी चाकांवर उभं असू शकतं, हे त्यांनी कल्पिलंच नव्हतं. मग मात्र ते बाजारात बैलाभोवती फिरतात तसे त्याच्याभोवती फिरायला लागले. चाकं पाहिली. खाली ठेवलेल्या ताटल्यांत इंजिनातून तेल ठिबकत होतं, ते पाहिलं.

"गळून राह्यलं हे."

"गळतेच. म्हनून तं ताटली ठेवली."

"शेपट्या दोन काऊन?"

"मधातून माल चढवायला जागा पाह्यजे म्हनून. मागचं दार उघडलं की बंडी थेट आत जाईन, तुमच्या बैलांसकट."

"अन हे पाठीवर काय बसलं? पिल्लू हाय का?"

लहानू याचीच वाट पाहत होता. "ते तिसरं इंजिन. अमेरिकेत याले दोनच होते. आपल्याकडं पहाडात उतरावं लागते, हवा पातळ, वजन जास्त. चढवेना. मंग आपल्या लोकायनं बंगलोरले हे जेट इंजिन पाठीवर बसवलं. नेहमी नाई चालवत. चढापुरतं."

रामाजी थोडा वेळ त्या पिल्लाकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उघडलं. "म्हंजे गणपतीच्या टेकडीचा बैल!"

"कोनता?"

"अरे, कापसाची बंडी टेकडीच्या चढाले लागली की दोन बैल दम टाकतात. मंग पुढं तिसरा बैल जोडाचा, चढ सरला की सोडाचा. आमी करतोच ना ते!" आणि ते एवढे खूश झाले, जसं काही बंगलोरवाल्यांनी त्यांनाच विचारून ते बसवलं होतं.

मग लहानूनं त्यांना शेपटीच्या दांड्यापाशी नेलं. केसाएवढी भेग. तिच्या दोन्ही टोकांना एक एक बारीक गोल भोक पाडलेलं, आणि वर नवा पत्रा रिवेट मारून बसवलेला, त्याची एक कड अजून उघडी.

"भेगीले भोकं काऊन पाडली? आधीच फाटलं, त्यात अजून?"

"भेग टोकातूनच पुढं सरकते, काकाजी. टोकावर गोल भोक पडलं की तिले पुढं जायले जागा सापडत नाई. तिथंच थांबते."

रामाजींनी वाकून भोक पाहिलं. बोट लावलं. पुन्हा पाहिलं. त्या माणसाला आता लग्नाचा विसर पडला होता. अन्नपूर्णाला मात्र पडला नव्हता.

"हे झालं की कोन उडवून पाह्यते?" तिनं विचारलं. ती लहानूशी थेट बोलली, ते हे दुसऱ्यांदा.

"पायलट."

"अन तुमी?"

"मीबी बसतो. ज्यानं ठिगळ लावलं त्यानं पहिल्या फेरीत बसाचं, अशी आमच्या तुकडीची रीत हाय."

रामाजींचा विसर खाड्कन उतरला. "कधी हाय ती फेरी?"

"आजच. दुपारून."

अन्नपूर्णानं त्या ठिगळावरून बोट फिरवलं. मग वडिलांना म्हणाली, "आपली बंडी आजाची म्हनता ना तुमी?"

"आजाचीच हाय."

"चाकं मी शाळेत असताना बदलली. आख पोळ्याले बदलला. जू तं दर दोन सालाले. मंग तीत आजाचं काय हाय?"

रामाजींनी विचार केला. "एक कडी हाय लोखंडाची."

"अन तीत मले घेऊन निर्धास्त बसता का नाई?"

"बसतो. कारन पाह्यतो मी सोता रोज."

"हेबी पाह्यतात," ती म्हणाली. "अन बसतातबी."

दुपारी बाहेरच्यांना आत राहू देत नव्हते. दोघं फाटकाशी सरदारजींच्या स्टुलाजवळ उभे राहिले. इंजिनांचा धूर निघाला, एवढा, की रामाजी म्हणाले, "पेटलं वाटते!" सरदारजी म्हणाले, "नहीं बाऊजी, पैकेट ऐसे ही खाँसता है." ते ढेरपोटं विमान गुरगुरत धावपट्टीच्या टोकाला गेलं. वळलं. आणि मग पळत सुटलं. अर्ध्या वाटेवर पाठीवरच्या पिल्लानं अशी शिट्टी घातली, की सोनेगावातली कुत्री घरांत शिरली.

"तिसरा बैल!" रामाजी ओरडले.

विमान उचललं गेलं, वर्धा रोड ओलांडून वर चढलं, आणि एका मोठ्या वळणात दिसेनासं झालं. रामाजींची काठी हातातून खाली पडली होती. त्यांना ते कळलं नाही. अन्नपूर्णानं ती उचलली आणि स्वतःच हातात धरून ठेवली. आत्ता तीही रस्त्याकडे, म्हणजे आकाशाकडे, डोळे लावून उभी होती, कारंज्याच्या शकूसारखी. रामाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि ते तिच्याजवळ सरकले.

"पोरी," ते हळू म्हणाले, "हे रोजचं राहीन बरं."

"राहीन," ती म्हणाली. नजर वरच होती. "पन शकूबाईले माईत नसते ट्रकाचं काय ढिलं हाय ते. मले माईत हाय, ठिगळ कोनी लावलं."

बराच वेळ गेला. मग दक्षिणेकडून, केळझरच्याच बाजूनं, गुरगुर आली. पाकीट खाली आलं, चाकं टेकली, थोडं उसळलं, पुन्हा टेकली आणि गुमान चालत आपल्या जागेवर येऊन उभं राहिलं. रामाजींनी सोडलेला श्वास सरदारजींनाही ऐकू गेला.

"कैसा लगा जवाई का जहाज?" त्यांनी विचारलं.

रामाजींनी टोपी काढून पुसली, पुन्हा घातली. "सरदारजी," ते म्हणाले, "सुबह मैंने जावई बोला था ना?"

"बोला था."

"वो झूठा था. अब्बी जो बोलता हूँ वो पक्का. जावई."

सरदारजींना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पुन्हा हात धरून गदागदा हलवला.

लहानू पळत पळत फाटकावर आला. अंगाला तेल, केसांत धूळ, आणि फाटकाच्या लोखंडी आडव्या दांड्याखालून येताना वाकायचा विसरला. टंग असा आवाज झाला. "पाह्यलं ना, काकाजी?" कपाळ चोळत तो म्हणाला.

"काकाजी नोका म्हनू."

लहानूचा चेहरा पडला. "मंग?"

"तुमचं ते कोपऱ्यातलं इमान, मांगलं ते देते, त्याले काय म्हनता तुमी?"

"मामा."

"तेच म्हना. फक्त मागं जी लावजा. जावई सासऱ्याले मामाजीच म्हन्ते."

खुंटीवरचा हार वाळून गेला होता, म्हणून नवा आणला. रूपराव लग्नात पुन्हा प्रकट झाले आणि ही सोयरीक आपणच जमवली असं सांगत फिरले. खोटंही नव्हतं ते.

पुढं आठ-नऊ वर्षं लहानू पाकिटावरच होता. अन्नपूर्णा तळावरच्या क्वार्टरमध्ये राहिली, आणि शिट्टीच्या आवाजावरून कोणतं विमान चाललं ते तिला भाजी निवडताना सांगता यायचं. मग नवी, मोठी विमानं आली. एकेक पाकीट उतरलं ते पुन्हा उडलं नाही. लहानूचीही नोकरी संपत आली होती. तो अन्नपूर्णाला आणि दोन पोरांना घेऊन हिंगणीला परतला. भेटायला म्हणून केळझरला गेला, तर रामाजी ओसरीवर बसलेले. दात गेलेले, पण चौकसपणा तसाच.

"सगळी पाकिटं मोडीत काढली म्हन्ते?"

"हव, मामाजी."

"अन त्यो तिसरा बैल?"

"उतरवून ठेवला."

"कोपऱ्यातला मामा?"

"तोबी गेला. त्यात काढण्यासारखं काई राह्यलंच नव्हतं."

रामाजी अंगणातल्या बंडीकडे वळले. मग हसले.

"एक मामा अजून हाय जी इथं," ते म्हणाले. "काढण्यासारखं हाय तवरक येत जा."